विश्लेषण: पन्नाशी ओलांडलेला ‘रॉकी हॉरर’ विनोदी चित्रपट म्हणून जमला आहे का?

‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा रॉक संगीतपट १९७५ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यानंतर चित्रपटगृहांतून तो कधी पूर्णपणे उतरलाच नाही. जगात सर्वाधिक काळ प्रदर्शित होत असलेला चित्रपट अशी त्याची ओळख आहे. मध्यरात्रीच्या खेळाला प्रेक्षक पात्रांसारखे कपडे घालून येतात, पडद्याकडे पाहून ओरडतात, तांदूळ उधळतात. मात्र हाच चित्रपट घरी, एकट्याने, लॅपटॉपवर पाहणाऱ्या अनेकांना प्रश्न पडतो, की यात एवढे हसण्यासारखे काय आहे? हा विनोद चित्रपटाचा आहे की प्रेक्षकांचा?

चित्रपट नेमका काय आहे?

ब्रॅड आणि जॅनेट हे नुकतेच लग्न ठरलेले, सरळमार्गी अमेरिकी जोडपे. पावसाळी रात्री त्यांच्या गाडीचे टायर पंक्चर होते आणि फोन करण्यासाठी ते एका वाड्यात शिरतात. तिथे कॉर्सेट, जाळीदार मोजे आणि उंच टाचांचे बूट घातलेला शास्त्रज्ञ डॉ. फ्रँक-एन-फर्टर (टिम करी) आपल्या प्रयोगशाळेत ‘आदर्श पुरुष’ तयार करत असतो. पुढे खून, शय्यागृहातले घोळ, परग्रहवासी आणि मध्येमध्ये रॉक अँड रोल गाणी.

रिचर्ड ओब्रायन यांनी लिहिलेले हे मूळ नाटक १९७३ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमधील वरच्या मजल्यावरच्या छोट्या रंगमंचावर सुरू झाले. तिथे जेमतेम साठेक प्रेक्षक बसत. नाटक गाजले आणि मग दिग्दर्शक जिम शार्मन यांनी त्यावर चित्रपट केला. जुन्या भयपटांची आणि विज्ञानपटांची प्रेमाने उडवलेली खिल्ली हा त्याचा गाभा आहे. चित्रीकरणही ‘हॅमर’ कंपनीच्या भयपटांशी नाते असलेल्या ब्रे स्टुडिओत आणि ओकली कोर्ट या वाड्यात झाले.

‘कॅम्प’ हा काय प्रकार आहे?

इथे कॅम्प म्हणजे शिबिर नव्हे. भडकपणा, अतिनाट्य, कृत्रिमता यांचाच आनंद घेण्याच्या अभिरुचीला कलासमीक्षेत ‘कॅम्प’ म्हणतात. अमेरिकी लेखिका सुसान सॉन्टॅग यांनी १९६४ मधील गाजलेल्या निबंधात या अभिरुचीची मांडणी केली. त्यांनी दोन प्रकार सांगितले. एक नकळत घडणारा, म्हणजे कलाकार मनापासून गंभीर काही करायला जातो आणि ते हास्यास्पद होते. दुसरा जाणूनबुजून केलेला. सॉन्टॅग यांच्या मते पहिला प्रकार अस्सल, तर दुसरा सहसा कमी समाधान देणारा.

‘रॉकी हॉरर’ हा उघडउघड दुसऱ्या प्रकारातला. ‘बघा, आम्ही मुद्दाम वाईट करतोय’ असे चित्रपटच डोळा मारून सांगू लागला, तर प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही. विनोद म्हणून या चित्रपटापुढची मुख्य अडचण हीच आहे.

मग विनोद जमतो कुठे?

जिथे कलाकार डोळा मारत नाहीत तिथे. चार्ल्स ग्रे यांनी रंगवलेला गुन्हेशास्त्रज्ञ निवेदक हे उत्तम उदाहरण. ‘टाइम वॉर्प’ या गाण्यात सगळे बेभान नाचत असताना हा सुटाबुटातला गृहस्थ एखाद्या प्राध्यापकाच्या गांभीर्याने तक्ता दाखवून नाचाच्या पायऱ्या समजावतो आणि काही क्षणांत स्वतःच टेबलावर चढून नाचू लागतो.

दुसरे बलस्थान पुनरावृत्तीचे. फ्रँक आधी ब्रॅड असल्याचे भासवून जॅनेटच्या खोलीत शिरतो आणि मग जॅनेट असल्याचे भासवून ब्रॅडच्या. दोन्ही प्रसंग जवळपास सारखेच बेतलेले असल्याने दुसऱ्या वेळी काय होणार हे आधीच कळते आणि त्या कळण्यावरच हशा येतो. प्रयोगशाळेत सगळी पात्रे समोरासमोर आल्यावर दचकून फक्त एकमेकांची नावे घेतात. हे चक्र एकदा नव्हे, तर तीनदा फिरते. पहिल्यांदा साधे वाटणारे दृश्य तिसऱ्या फेरीला हसवते.

तिसरे म्हणजे चेष्टेचा रोख. ‘सम लाइक इट हॉट’ असो वा आपल्याकडचा ‘अशी ही बनवाबनवी’, पुरुषाने बाईचे कपडे घातले की विनोद उभा राहतो तो सोंग उघडे पडण्याच्या भीतीवर. फ्रँकला अशी भीतीच नाही, कारण ते सोंगच नाही. टिम करी हे पात्र एखाद्या सम्राटाच्या तोऱ्यात वावरवतात. हास्यास्पद ठरतात ते त्याच्याकडे पाहून गडबडलेले ब्रॅड आणि जॅनेट. गाडीच्या रेडिओवर अध्यक्ष निक्सन यांचे राजीनाम्याचे भाषण वाजत असते आणि हे दोघे मात्र आपल्या भाबड्या जगात असतात. १९७५ च्या अमेरिकेतील शहाजोगपणाला काढलेला तो चिमटा होता.

फसतो कुठे?

दोन ठिकाणी. पहिले, वेग. नाटकात कलाकार वाक्य टाकतो आणि हशा ओसरेपर्यंत थांबतो. पडद्याला समोरचा हशा ऐकू येत नाही. या चित्रपटात मात्र संवादांमध्ये तशा मोकळ्या जागा राहून गेल्या आहेत. रिकाम्या खोलीत पाहताना त्या अवघडलेल्या शांततेसारख्या वाटतात. हा प्रकार पडद्यापेक्षा रंगमंचावर, जिवंत कलाकारांसह अधिक शोभतो, असा सूर समीक्षक रॉजर इबर्ट यांनीही लावला होता.

दुसरे, उत्तरार्ध. सुरुवातीचा धुमाकूळ पुढे टिकत नाही. शेवटच्या भागात फ्रँकची शोकांतिका सुरू होते, गाणी हळवी होतात आणि ‘किंग काँग’ची आठवण करून देणारा शेवट येतो. त्यात जीव आहे, पण तोवर विनोदाने मैदान सोडलेले असते.

प्रदर्शनाच्या वेळी प्रेक्षकांनीही पाठ फिरवली होती. त्याच वर्षी ब्रॉडवेवर आलेले नाटकही अवघ्या ४५ प्रयोगांत गुंडाळावे लागले होते.

मध्यरात्रीच्या खेळांनी काय बदलले?

एप्रिल १९७६ पासून न्यूयॉर्कच्या ‘वेव्हर्ली’ चित्रपटगृहात मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले. तेच तेच प्रेक्षक पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि ज्या मोकळ्या जागा चित्रपटाची कमजोरी होत्या, त्यांत त्यांनी स्वतःची वाक्ये भरली. पात्राने प्रश्न विचारण्याआधीच प्रेक्षागृहातून उत्तर येऊ लागले. लग्नाच्या दृश्यात तांदूळ, पावसात जॅनेटसारखे डोक्यावर वर्तमानपत्र आणि मागच्या रांगेतून पाण्याच्या पिचकाऱ्या. फ्रँक पेला उंचावून ‘टोस्ट’ म्हणतो तेव्हा पडद्यावर भाजलेले पाव भिरकावले जातात. पुढे हौशी कलाकार पडद्यासमोर उभे राहून चित्रपटाबरोबरच तो साकारू लागले.

म्हणजे चित्रपटाने मांडणी केली आणि पंच प्रेक्षकांनी दिला. ही वाक्ये गावोगावी, वर्षागणिक बदलत गेली. त्यामुळे चित्रपट तोच राहिला तरी विनोद शिळा झाला नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

हे पुन्हा घडवता आले का?

नाही. ओब्रायन आणि शार्मन यांनीच १९८१ मध्ये ब्रॅड-जॅनेटला घेऊन ‘शॉक ट्रीटमेंट’ केला. तोही मध्यरात्रीच्या प्रेक्षकांसमोर नेण्यात आला, पण तो उत्साह काही उभा राहिला नाही. २०१६ मध्ये ‘फॉक्स’ वाहिनीने टीव्हीसाठी नवी आवृत्ती केली. त्यात फ्रँकची भूमिका पारलिंगी अभिनेत्री लॅव्हर्न कॉक्स यांनी केली. निर्मिती चकचकीत होती आणि चित्रपट पाहणारे प्रेक्षकही त्यातच दाखवले होते. तरीही मूळचा धोका, ओबडधोबडपणा त्यात नव्हता. प्रेक्षकांचा सहभाग पटकथेत लिहून आणता येत नाही, हेच या दोन्ही प्रयत्नांतून दिसले.

आज हसताना अडखळायला होते का?

होते, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. वर पुनरावृत्तीचे उदाहरण म्हणून सांगितलेला शय्यागृहाचा प्रसंग विनोद म्हणून बेतीव असला, तरी तो फसवणुकीवर उभा आहे. ओळख लपवून मिळवलेली संमती ही संमती नव्हे, ही जाण आजच्या प्रेक्षकाला आहे. फ्रँकसाठी चित्रपटात वापरलेले शब्दही आता अपमानास्पद मानले जातात. शिवाय बाईचे कपडे घालणारा माणूस खुनीच दाखवणे हा जुन्या भयपटांचा साचा इथेही आहे.

दुसरीकडे, समलिंगी आणि पारलिंगी तरुणांच्या काही पिढ्यांना आपल्यासारखी माणसे पहिल्यांदा भेटली ती याच खेळांच्या रांगांमध्ये. स्वतः ओब्रायन यांनी आपण पूर्ण पुरुष वा पूर्ण स्त्री नसल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. त्यामुळे या चित्रपटाकडे निव्वळ बाहेरून केलेली टवाळी म्हणून पाहता येत नाही.

मग उत्तर काय?

स्वतंत्र विनोदी चित्रपट म्हणून ‘रॉकी हॉरर’ अर्धाच जमला आहे. पूर्वार्ध धमाल, टिम करी आणि चार्ल्स ग्रे अव्वल, गाणी टिकाऊ; वेग मात्र ढिला आणि शेवट विनोदापासून दुरावलेला. पण चित्रपटगृहातला सामूहिक विनोद म्हणून त्याला तोड नाही. म्हणूनच एकट्याने पाहून ‘यात काय आहे’ म्हणणारा प्रेक्षक चुकीचा नाही आणि त्याच चित्रपटाला शंभराव्यांदा जाणाराही वेडा नाही. ते दोघे दोन वेगळ्या गोष्टी पाहत असतात. पहिल्यांदाच पाहणार असाल तर निदान चार-पाच मित्रांना सोबत घ्या आणि मोबाइल बाजूला ठेवा. शांत बसण्याची सक्ती नाही.