खेळाडू विकला, पैसे कोणाला?

जालन्याच्या विजय झोलला २०१४च्या आयपीएल लिलावात बंगळुरूने ३० लाखांना घेतलं. आपल्या डोक्यात खेळाडूंच्या किमतीचा हिशेब बसलाय तो अशा लिलावांमुळे, आणि फुटबॉलच्या बातम्याही आपण त्याच हिशेबाने वाचतो. गफलत तिथेच होते. झोलवरची बोली म्हणजे त्याचं हंगामाचं मानधन. फुटबॉलमध्ये बदलीची रक्कम जुन्या क्लबच्या खात्यात जाते. खेळाडूचा पगार नवा क्लब वेगळा ठरवतो. म्हणून तिथे क्लबपुढे पेच असतो : पोरगा ठेवून करंडक जिंकायचा, की विकून तिजोरी भरायची?

पण गेलेला प्रत्येक खेळाडू पैसे देऊन जातो, असंही नाही. सगळा खेळ कराराचा. राहुल भेके हा आपला मुंबईकर बचावपटू. ४ मे २०२४ला मुंबई सिटीने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असं हरवून आयएसएल करंडक उचलला, तेव्हा तो कर्णधार होता. करार संपला आणि तो बंगळुरूला गेला. मुंबईच्या हाती छदामही आला नाही. त्याच उन्हाळ्यात मुंबईचाच अपुइया मोहन बागानकडे गेला, मात्र त्याचा करार शिल्लक होता, म्हणून पैसे मोजावे लागले. पुढच्या हंगामात मोहन बागानने आयएसएलची लीग शील्ड आणि करंडक दोन्ही नेले.

मग विकणारा हरतोच का? बेनफिकाचं उदाहरण बघा. २०२२च्या उन्हाळ्यात त्यांनी एन्झो फर्नांडेसला घेतलं, डिसेंबरात तो अर्जेंटिनाकडून विश्वविजेता झाला, आणि जानेवारी संपता संपता चेल्सीने त्याच्यासाठी १२ कोटी १० लाख युरो मोजले. ऐन पेरणीत बैलजोडी विकावी तसा हा सौदा. तरी त्या वर्षी पोर्तुगालची लीग बेनफिकानेच जिंकली. उलट इंग्लंडचा ब्रायटन क्लब. कायसेडोला सुमारे ४५ लाख पौंडांना आणून २०२३मध्ये किमान १० कोटींना विकलं. धंदा चोख, पण लीग, एफए कप, लीग कप यांतलं काहीच आजवर त्यांच्या कपाटात नाही. माझ्या मते प्रश्न विकण्याचा नाहीच; जागा भरणारा आधीच हेरून ठेवलाय का, हा आहे.

आता जमाखर्च. दहा कोटींना घेतलेला खेळाडू त्याच वर्षी दहा कोटींचा खर्च दाखवत नाही. करार पाच वर्षांचा असेल तर वर्षाला दोन कोटी. विक्रीचा नफा मात्र एकदम त्याच वर्षी चढतो, आणि घरच्या अकादमीत वाढलेल्या पोराची खरेदी किंमत शून्य, म्हणून त्याची जवळजवळ सगळीच रक्कम नफा. चेल्सीने सहाव्या वर्षापासून वाढवलेला मेसन माउंट २०२३मध्ये मँचेस्टर युनायटेडला दिला, त्यामागे हे गणितही होतं. प्रेक्षकांचा लाडका तोच हिशेबनिसाचाही लाडका, ही मोठी विचित्र गोष्ट.

राहिला शेवटचा समज, की पैसा फक्त बड्यांचाच. खेळाडू करार चालू असताना देश बदलून विकला गेला, तर फिफाच्या नियमाने रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. त्यासाठी पोराची क्लबच्या नावावर रीतसर नोंदणी असावी लागते. तालुक्याच्या मैदानावर नुसता सराव घेणाऱ्याला यातलं काही मिळत नाही.