एक नाव, शेकडो गावं

नागपूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ९,८९२ चौरस किलोमीटर. रांचीकडच्या छोटा नागपूर पठाराचं सुमारे ६५,००० चौरस किलोमीटर. ‘छोटा’ म्हणवणारं हे नागपूर आपल्या अख्ख्या जिल्ह्याच्या साडेसहापट भरतं! आपलं नाव नाग नदीवरून आलं, तिकडचं नागवंशी राजांशी जोडलेलं. गढवालातही नागपूर नावाचा जुना परगणा आहेच.

नावं अशी पुन्हा पुन्हा का येतात, ते साध्या गुणाकारात दिसतं. पिंपळ, वड, बोर, मोह, चिंच, उंबर अशी ओळखीची २० झाडं घ्या. त्यांना गाव, खेड, वाडी, टोला असे १० शेवट जोडा. नावं झाली २००. महाराष्ट्रात गावं ४३ हजारांहून जास्त. म्हणजे एकेका नावाच्या वाट्याला दोनशेवर गावं! नदी, देव, माणसं यांच्या नावांनी हा भार हलका होतो, तरी वडगाव, बोरगाव, पिंपळगाव जागोजागी भेटतातच. वारांवरून पेठा वसवायच्या तर वार सातच. म्हणून नागपुरात इतवारी, शुक्रवारी आणि पुण्यात रविवार, शुक्रवार पेठा.

किताबांवरून आलेल्या आडनावांचं गणित याहून अचाट आहे. नागपूरकर भोसल्यांचा ‘सेनासाहेबसुभा’ हा मान एका वेळी एकाचाच. तो आडनाव झाला नाही. पाटीलकी मात्र गावोगाव होती. समजा, ४३ हजार गावांत प्रत्येकी एकच पाटील घराणं होतं आणि दर पिढीला दोन मुलगे झाले. २५ वर्षांची पिढी धरली, तर अडीचशे वर्षांत एका घराण्याचे १,०२४ पुरुष होतात. एकूण ४ कोटी ४० लाख! २०११च्या जनगणनेतले महाराष्ट्रातले सगळे पुरुष ५ कोटी ८० लाखांच्या आसपास. दुष्काळ, पटकी, प्लेग यांनी हा हिशेब प्रत्यक्षात कधीच पुरा होऊ दिला नाही. पण पाटील, देशमुख इतके का, याचं उत्तर यातच आहे.

गावांची नावं पुन्हा पुन्हा येण्यात पूर्वजांच्या कल्पनेचं दारिद्र्य मुळीच नव्हतं. नाव दिवसभराच्या पायी वाटेत वेगळं ठरलं की पुरे. शेजारी दोन गावं एकाच नावाची झाली, तर बुद्रुक आणि खुर्द लावून भागत होतं. अडचण आली ती रेल्वे आणि टपालानं लांबची गावं एकत्र आणल्यावर. नागपुरात रेल्वे १८६७ साली पोचली. सारख्या नावांनी टपालाचा गोंधळ वाढत गेला, तेव्हा श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी, संस्कृतज्ञ अधिकाऱ्यानं सहा अंकी पिनकोड रचला. १५ ऑगस्ट १९७२ला तो सुरू झाला. पहिला अंक १ ते ९, पुढचे पाच कोणतेही: ९ लाख जुळण्या. सबंध देशातली गावं सुमारे ६ लाख ४० हजार, आणि एका पिनमध्ये अनेक गावं मावतात.

नागपूरचा पहिला पिन ४४०००१. तुमच्या पत्त्यात गावापुढे बु. किंवा खु. असेल तर ते गाळू नका, तालुका लिहा आणि पिन तर लिहाच.