प्रांतिक आरोग्यविमा आणि अधिवासाचा पुरावा : कॅनडातील नोंदणीपद्धतीचा विचार

'विमा' हा शब्द उच्चारताच आपल्या मनापुढे एक करार उभा राहतो. एका बाजूस हप्ता भरणारा विमेदार, दुसऱ्या बाजूस जोखीम पत्करणारी संस्था, आणि दोहोंना बांधणारा अटींचा कागद. कॅनडातील प्रांतिक आरोग्यविम्याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने ही कल्पना प्रथम बाजूस ठेवली पाहिजे. तेथे नोंदणीसाठी येणाऱ्या माणसाची प्रकृती तपासली जात नाही, त्याच्या वयावरून दर ठरत नाही, आणि पूर्वीच्या आजाराची चौकशीही होत नाही. त्याला मुख्यतः एकच गोष्ट सिद्ध करावी लागते : आपण या देशात कायदेशीरपणे आहोत व या प्रांतात आपले घर आहे. ही क्रिया वरवर पाहता कारकुनी स्वरूपाची वाटते. तथापि 'सर्वांसाठी आरोग्यसेवा' या तत्त्वातील 'सर्व' म्हणजे नेमके कोण, याचा निर्णय प्रत्यक्षात तिच्यातच होतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

योजना प्रांतिक का, हा प्रश्न प्रथम घेऊ. १८६७ च्या घटनाकायद्याने रुग्णालयांची स्थापना व व्यवस्था प्रांतांकडे सोपविली. त्यामुळे कॅनडात एक राष्ट्रीय विमा निर्माण न होता प्रत्येक प्रांताची स्वतंत्र योजना अस्तित्वात आली. या कामी पुढाकार सस्कॅचेवान या शेतीप्रधान प्रांताने घेतला. टॉमी डग्लस यांच्या सरकारने १ जानेवारी १९४७ पासून रुग्णालयविमा सुरू केला. त्याची वार्षिक वर्गणी दरडोई ५ डॉलर होती. १ जुलै १९६२ रोजी याच प्रांतात डॉक्टरांच्या सेवेचाही विमा अमलात आला, तेव्हा तेथील डॉक्टरांनी तेवीस दिवसांचा संप केला. सास्काटून येथील समझोत्याने तो मिटला आणि योजना टिकली. मध्यवर्ती सरकारने १९५७ च्या कायद्याने रुग्णालयविम्याच्या व १९६६ च्या कायद्याने वैद्यकीय सेवेच्या खर्चात वाटा उचलण्याचे मान्य केले, आणि १९७२ पर्यंत सर्व प्रांत या व्यवस्थेत आले.

प्रारंभीच्या काळात नोंदणीचा अर्थ सरळ होता. ज्याने वर्गणी भरली त्याचे नाव लागले. पुढे बहुतेक ठिकाणी वर्गणी नाहीशी झाली. ऑन्टारिओने ती १९९० मध्ये बंद करून मालकवर्गावर कर बसविला. अल्बर्टात ती २००९ मध्ये आणि ब्रिटिश कोलंबियात १ जानेवारी २०२० रोजी संपुष्टात आली. वर्गणी गेली, परंतु नोंदणी राहिली. पूर्वी जी पैसे भरल्याची नोंद होती, तीच आता राहत असल्याची नोंद झाली. आज या योजनांचा खर्च मुख्यत्वे करांतून चालतो. म्हणून 'विमा' हे नाव कायम असले तरी हक्काचा आधार करार हा नसून अधिवास हा आहे.

या अधिवासाला कायद्याची चौकट मिळाली ती १९८४ च्या कॅनडा आरोग्य अधिनियमाने. प्रांताला मध्यवर्ती अनुदान पूर्ण मिळावयाचे असेल तर पाच अटी पाळाव्या लागतात : सार्वजनिक व्यवस्थापन, सेवांची व्यापकता, सार्वत्रिकता, स्थलांतरातही टिकणारे संरक्षण आणि सुलभता. ज्या माणसाला देशात राहण्याचा कायदेशीर हक्क आहे, ज्याने प्रांतात घर केले आहे व जो सामान्यतः तेथे वास्तव्य करतो, तो रहिवासी, अशी या अधिनियमाची व्याख्या आहे. प्रवासी, पाहुणा व तात्पुरता आलेला मनुष्य हे त्यातून वगळले आहेत. नव्या रहिवाशाला प्रतीक्षा करावयास लावण्याची मुभा प्रांतांना आहे. परंतु हा काल तीन महिन्यांहून अधिक असू शकत नाही.

ही व्याख्या प्रत्यक्षात कशी उतरते, हे ऑन्टारिओच्या उदाहरणावरून पाहता येईल. अर्जदाराला सरकारी सेवाकेंद्रात स्वतः जावे लागते. नागरिकत्वाचा वा पात्र ठरणाऱ्या परवान्याचा एक, प्रांतातील वास्तव्याचा एक आणि ओळखीचा एक, असे तीन मूळ कागद दाखवावे लागतात. तेथेच छायाचित्र घेतले जाते व पुढे कार्ड टपालाने घरी येते. परंतु काम कार्डाने संपत नाही. कोणत्याही बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात प्रत्यक्ष हजर असणे आवश्यक आहे. आणि नव्याने आलेल्याने पहिल्या १८३ दिवसांपैकी १५३ दिवस तेथेच काढावयाचे असतात. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत बाहेर राहण्यास केवळ तीस दिवसांची सवलत उरते. गावाकडे आई अंथरुणाला खिळली म्हणून जो दोन महिने परततो, त्याचे घर ऑन्टारिओतच असते. पण दिवसांच्या हिशेबात तो कमी पडतो. 'घर' ही भावनेची व हेतूची गोष्ट. शासनाला ती दिवस मोजूनच ओळखता येते.

प्रतीक्षाकालाचा प्रश्न याहून कठीण आहे. केवळ उपचारासाठी कोणी प्रांतात येऊ नये, ही त्यामागील शंका. देशातल्या देशात स्थलांतर करणाऱ्याला त्याची झळ सहसा लागत नाही, कारण प्रतीक्षेच्या काळात जुन्या प्रांताची योजना त्याचा भार वाहते. परदेशातून आलेल्या माणसामागे मात्र असा जुना प्रांत नसतो. ब्रिटिश कोलंबियात आगमनाच्या महिन्याचे उरलेले दिवस आणि पुढील दोन महिने असा हा काल मोजला जातो. परिणामी ३१ जानेवारीला पोहोचलेल्या कुटुंबाचे संरक्षण १ एप्रिलला सुरू होते, तर १ फेब्रुवारीला पोहोचलेल्याचे १ मे रोजी. विमान एक दिवस पुढे गेले की विमा एक महिना पुढे जातो. त्या महिन्यात प्रसूती झाली किंवा अपघात घडला, तर खाजगी विमा घेतला नसल्यास रुग्णालयाचे बिल त्या कुटुंबावरच पडते.

ऑन्टारिओने असाच तीन महिन्यांचा प्रतीक्षाकाल १९९४ मध्ये लागू केला. समानतेच्या मूलभूत हक्काच्या आधारे त्याला आव्हान देण्यात आले. परंतु प्रांताच्या अपील न्यायालयाने २००१ मध्ये ते फेटाळले. पुढे मार्च २०२० मध्ये, साथीच्या संकटात, शासनाने स्वतःच तो काढून टाकला. न्यायालयात जो युक्तिवाद टिकला नाही तो साथीने पटवून दिला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. विमा नसलेला रुग्ण डॉक्टरकडे जाण्यास कचरतो, आणि संसर्ग प्रतीक्षाकालाची मुदत पाळीत नाही.

अधिवासाच्या सीमेवर उभे असलेले आणखी दोन वर्ग आहेत, आणि महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्यांचा त्यांच्याशी निकटचा संबंध येतो. पहिला वर्ग विद्यार्थ्यांचा. अल्बर्टात बारा महिन्यांचा वा अधिक मुदतीचा अभ्यासपरवाना असलेला विद्यार्थी प्रांतिक योजनेस पात्र ठरतो. ब्रिटिश कोलंबियात सहा महिन्यांच्या परवान्यावर नोंदणी होते, परंतु त्याला दरमहा ७५ डॉलर शुल्क द्यावे लागते. ऑन्टारिओत परदेशी विद्यार्थी प्रांतिक योजनेबाहेरच राहतो व विद्यापीठांनी उभारलेल्या स्वतंत्र विम्यात जातो. एकाच देशात, एकाच प्रकारच्या परवान्यावर, एकाच विषयाचे अध्ययन करणारे तीन विद्यार्थी तीन निरनिराळ्या अर्थांनी 'रहिवासी' असतात. दुसरा वर्ग मुलाबाळांकडे राहावयास गेलेल्या वृद्ध मातापित्यांचा. दीर्घ मुदतीच्या विशेष व्हिसावर ते वर्षानुवर्षे तेथे राहू शकतात, नातवंडे सांभाळतात. परंतु कायद्याच्या दृष्टीने ते पाहुणेच असल्यामुळे किमान १ लाख कॅनेडियन डॉलरच्या संरक्षणाचा खाजगी विमा त्यांना घ्यावाच लागतो. या विम्यात वय व पूर्वीचे आजार पुन्हा विचारात येतात. अर्थात, अधिवास नाकारला की विम्याचा जुना, कराराचा अर्थ लगेच परत येतो.

यावरून प्रांतिक योजना फसवी आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. एकदा नाव लागले की रुग्णाला रुग्णालयातील व डॉक्टरच्या आवश्यक सेवेसाठी बिल येत नाही, ही मोठीच सिद्धी आहे. मुद्दा इतकाच की कोणतीही सार्वत्रिक योजना आपली सीमा कोठे तरी आखतेच. ती सीमा कायद्याच्या प्रस्तावनेत सापडत नाही. अर्जासोबत मागितलेल्या कागदांच्या यादीत ती सापडते.

आपल्याकडेही हेच दिसेल. २०१२ मध्ये जीवनदायी या नावाने सुरू झालेली व पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली जन आरोग्य योजना प्रारंभी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेवर उभी होती. २०२३ मध्ये ती सर्व शिधापत्रिकाधारक व अधिवास प्रमाणपत्रधारक कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय झाला. शिधापत्रिका धान्यासाठी निर्माण झाली आणि रुग्णालयाच्या दारात ओळखपत्र ठरली. गावी कार्ड व शहरात काम अशी ज्यांची स्थिती आहे, त्या ऊसतोड कामगारांच्या वा बांधकाम मजुरांच्या कुटुंबांनी आपले 'घर' कोणत्या कागदाने सिद्ध करावे, हा प्रश्न टोरांटोतील नवागताच्या प्रश्नाहून जातीने भिन्न नाही. सामाजिक सुरक्षिततेच्या योजनांचा अभ्यास करणाऱ्यांनी म्हणूनच अधिनियमाबरोबर अर्जाचा नमुनाही वाचावा, आणि योजनेत किती नावे आली याबरोबरच खिडकीवरून कोण व कोणत्या कागदाअभावी परत गेले, याचीही नोंद घ्यावी.