‘वॉच डॉग्ज’: पाळतीचं शहर आणि खेळाडूची निवड

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीची ‘वॉच डॉग्ज’ ही व्हिडिओ गेमची मालिका हॅकरच्या नजरेतून शहर दाखवते. पहिला गेम मे 2014 मध्ये आला, तो शिकागोत घडतो. 2016 मधला दुसरा सॅन फ्रान्सिस्को आणि परिसरात, तर 2020 मधला तिसरा, ‘लीजन’, लंडनमध्ये. तिन्ही ओपन-वर्ल्ड प्रकारचे आहेत. कथेतली कामगिरी खेळाडूने वाटेल तेव्हा हाती घ्यावी, नाहीतर नुसतं रस्त्यांवरून हिंडावं. या गेमांमधला नैतिक प्रश्न उभा राहतो तो याच मोकळेपणातून. ठरलेल्या वाटेने नेणाऱ्या गेममध्ये नायकाचं वाईट वागणं लेखकाने आधीच लिहून ठेवलेलं असतं. इथे ते बरंचसं खेळाडू आपण होऊन करतो.

पहिल्या गेममधल्या शिकागोत सिग्नल, उघडणारे पूल, वीज, कॅमेरे आणि नागरिकांची माहिती हे सगळं ‘सीटीओएस’ नावाच्या एकाच यंत्रणेला जोडलेलं आहे. ती चालवते ब्लूम ही खासगी कंपनी. नायक एडन पिअर्स हा हॅकर. त्याच्या एका चोरीच्या प्रयत्नानंतर त्याच्यावर झालेल्या हल्ल्यात त्याची सहा वर्षांची भाची लीना मारली गेली. मारेकऱ्यांचा माग काढण्यासाठी तो हीच यंत्रणा आपल्या फोनवरून वापरू लागतो. ज्या पाळतीविरुद्ध गेम बोलतो, तिच्याशिवाय नायकाचं पानही हलत नाही.

फोनमधल्या ‘प्रोफायलर’मुळे समोरून जाणाऱ्या कुणाचंही नाव, वय, व्यवसाय, उत्पन्न आणि एखादी खासगी गोष्ट पडद्यावर उमटते. त्यांतल्या काहींच्या बँक खात्यातले पैसे एका बटणावर काढून घेता येतात. काही घरांतल्या कॅमेऱ्यांतून आतल्या माणसांचं खासगी जगणंही बघता येतं. खेळाडूच्या लौकिकाचा हिशेब गेम ठेवतो: गुन्हा रोखला की तो वाढतो, निरपराध माणसाला मारलं की घटतो, आणि फारच घसरला तर लोक एडनला बघताच पोलिसांना फोन लावतात. पण आजाऱ्याचं खातं रिकामं केलं किंवा कुणाच्या घरात डोकावलं, तर या हिशेबात काहीच नोंदलं जात नाही. गेमची खरी उणीव इथे आहे. रक्त सांडलं तरच अपराध, असं त्याचं मोजमाप सांगतं. डोकावण्याने झालेली इजा त्याला दिसतच नाही. शेवटी एका हल्लेखोराला मारायचं की सोडायचं हा निर्णय खेळाडूवर सोपवला जातो. तो गाजावाजा करून येतो खरा, पण तोवर पाळतीबाबतचे असंख्य निर्णय न विचारताच होऊन गेलेले असतात.

गुन्ह्याचं भाकीत हा त्याहून गंभीर भाग. कुठे गुन्हा घडण्याची शक्यता आहे ते यंत्रणा सांगते आणि खेळाडू तिथे जाऊन दबा धरतो. संशयिताने त्याला आधीच पाहिलं तर तो निघून जातो आणि खेळाडूच्या पदरी अपयश पडतं. बळीवर हात पडेपर्यंत थांबावं लागतं. गुन्हा टळला यापेक्षा गुन्हेगार सापडला याला मोल देणारी ही रचना आहे.

खऱ्या शिकागोत पोलिसांनी 2013 च्या सुमारास असाच प्रयोग सुरू केला होता. गोळीबारात सापडण्याचा धोका कुणाला जास्त, हे संगणकाने ठरवून यादी केली जाई. पुढे त्यात सुमारे 4 लाख लोकांना 0 ते 500 असे गुण दिले गेले. सुरुवातीच्या 426 जणांच्या यादीचा रँड या संशोधन संस्थेने केलेला अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. यादीतल्यांचा गोळीबारात बळी जाण्याचा संभव कमी झाल्याचं आढळलं नाही. गोळीबाराच्या प्रकरणांत त्यांना अटक होण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. 2019 मध्ये तो कार्यक्रम बंद झाला.

दुसऱ्या गेमचा नायक मार्कस हॉलोवे हा ओकलंडचा कृष्णवर्णीय तरुण. न केलेल्या गुन्ह्यासाठी यंत्रणा त्याला संशयित ठरवते आणि तो ‘डेडसेक’ या हॅकरगटात सामील होतो. यंत्रणेची चूक कुणाच्या माथी बसते, हे या कथेला पहिल्यापेक्षा चांगलं कळलं आहे. तरीही रस्त्यावरच्या कुणाही अनोळखी माणसाविरुद्ध खोटा पुरावा घालून त्याला पोलिसांकडून पकडवण्याची सोय मार्कसच्या फोनमध्ये आहे. ज्याच्यावर खोटा शिक्का बसला, त्याच्याच हाती तसा शिक्का येतो, आणि कथा त्याला एका शब्दानेही हटकत नाही. खऱ्या सॅन फ्रान्सिस्कोने मात्र अशा पाळतीला आवर घालत मे 2019 मध्ये पोलिसांसह शहराच्या खात्यांना चेहरा ओळखणारं तंत्र वापरण्यास बंदी घातली.

‘लीजन’ला ठरलेला नायक नाही. लंडनमधल्या जवळपास कुणालाही गटात घेता येतं. त्यासाठी त्या माणसाची दिनचर्या, नातीगोती, अडचणी शोधाव्या लागतात आणि एखादं काम करून त्याचं मन वळवावं लागतं. म्हणजे भरतीही पाळतीतूनच. पण इथे एक महत्त्वाची दुरुस्ती आहे: एखाद्याला इजा केली तर तो, किंवा त्याचा नातलगही, गटावर राग धरू शकतो आणि त्याला वळवणं अवघड होतं. पहिल्या गेममध्ये केवळ माहितीची ओळ असलेला वाटसरू इथे केलेलं लक्षात ठेवतो. डोकावण्याबद्दल मात्र याही गेममध्ये कुणी जाब विचारत नाही.