बियाणे संकरित की सरळ?

परसात चार वाफे करणारे गृहस्थ आम्हांस नेहमी विचारतात, बी संकरित घ्यावे की सरळ वाणाचे? आम्ही उलट विचारतो, पुढील वर्षीचे बी कोठून आणणार?

संकरित बियाण्याची निंदा करण्याचे कारण नाही. दोन भिन्न, शुद्ध वाणांच्या संकरातून पहिली पिढी जोमदार व एकसारखी निपजते. १९६४ साली आलेल्या सीएसएच-१ या संकरित ज्वारीने ते दाखवून दिले. परंतु मेंडेलने १८६५ साली वाटाण्यावरून सांगितलेला नियम येथेही लागू पडतो. दुसऱ्या पिढीत दडलेले गुण वेगळे होतात. संकरित टोमॅटोचे बी धरले, तर एक झाड उंच, दुसरे खुजे, फळेही निरनिराळी. म्हणून दरसाल दुकान गाठावे लागते.

सरळ वाणाचे बी मात्र आपल्या वाणावर जाते. टोमॅटो, वाटाणा, घेवडा यांचे परागण बहुधा फुलातल्या फुलातच होते, त्यामुळे त्यांचे बी धरणे सोपे. भोपळा, दोडका, काकडी यांना मधमाशी दुसऱ्या वेलाचा पराग आणते. तेव्हा एका भाजीचे दोन वाण जवळ लावू नयेत. बियांसाठी निरोगी वेलाचे फळ पूर्ण पिकू द्यावे आणि बी सावलीत खडखडीत वाळवून ठेवावे.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणी अशीच राखली. २०२० सालची पद्मश्री त्यांना त्याच कामासाठी मिळाली.

यंदा केवळ भाजी हवी, त्याने संकरित बी खुशाल पेरावे. ज्याला बाग स्वावलंबी हवी, त्याने निदान एक वेल बियांसाठी राखावा, आणि त्याचे कोवळे फळ तोडण्याचा मोह आवरावा.