बालकाच्या मनातील संख्यारेषा
उजळणी तोंडपाठ असलेल्या पाच-सहा वर्षांच्या बालकास ० ते १०० ची कोरी रेषा देऊन दहाची जागा विचारावी. ते बहुधा ती फार पुढे दाखविते. लहान संख्या ऐसपैस, मोठ्या दाटीने! रॉबर्ट सीग्लर व ज्युली बूथ यांनी २००४ मध्ये हे नोंदविले. संख्या कितीदा निम्मी होते हे सांगणारा, वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेतील अर्धच्छेदही असाच आखडत वाढतो: ८ चे ३, १६ चे ४. गल्ल्याशेजारच्या नातवास ‘हिशेबात कच्चा’ ठरविण्याची घाई आपल्या घरांत फार! सीग्लर व गीता रमणी यांनी गरीब घरांतील बालकांस १ ते १० घरांचा सरळ पट दोन आठवड्यांत चारदा, पंधरा-पंधरा मिनिटे खेळविला. अंदाज स्पष्ट सुधारले. अंकांऐवजी नुसते रंग असलेल्या पटाने मात्र काही साधले नाही.