कान ऐकतो की डोळा?

(द्वितीय वर्ष, कला)

‘नाव मोठे, लक्षण खोटे’ अशी म्हण आपल्याकडे आहे. पण ध्वनिवर्धक निवडताना आपण आधी नावच पाहतो. आमच्या विश्रांतवाडीत गणेशोत्सव किंवा आंबेडकर जयंती जवळ आली की कोणाचा ‘साउंड’ आणायचा यावर वाद रंगतो. पैसा वर्गणीचा, म्हणजे घराघरांतून आलेला असतो. तेव्हा हा निवाडा कशाच्या आधारे होतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

१९९४ साली फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी हार्मन कंपनीतील ४० श्रोत्यांना चार स्पीकर ऐकवले. एकदा उघडपणे, एकदा पडद्याआडून. स्पीकर दिसत असताना मोठ्या, किमती दिसणाऱ्यांना गुण अधिक मिळाले आणि लहान, स्वस्त संचाचे गुण घटले. पडदा लावताच हा फरक बराच ओसरला. अनुभवी श्रोतेही यातून सुटले नाहीत. यात लबाडी कोणाचीच नव्हती. डोळ्यांनी पाहिलेले कानात मिसळत होते, इतकेच.

दुसरा चकवा आवाजाच्या पातळीचा. दोन यंत्रांत जेमतेम एक डेसिबलचा फरक असला, तरी मोठ्याने वाजणारे अधिक चांगले वाटते. म्हणून चाचणीपूर्वी पातळी मापकाने सारखी करावी, यंत्रे झाकावीत आणि कोणते यंत्र वाजत आहे हे निकाल टिपणाऱ्यालाही ठाऊक नसावे. एकदा ऐकूनही भागत नाही. दोहोंपैकी कोणते वाजले, हे १० वेळा नुसत्या अंदाजाने सांगितले तरी ७ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा संभव सुमारे १७ टक्के असतो; ९ किंवा अधिक येण्याचा मात्र अवघा १ टक्का.

अर्थात टिकाऊपणा, दुरुस्ती आणि भाडे यांचा विचार वेगळा करावा लागतो. झाकून ऐकल्याने फक्त आवाजाचा निकाल लागतो.

हे तत्त्व यंत्रांपुरते नाही. डॉ. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीमंत्री होते. त्यांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवर गायक-वादकांची निवड करताना परीक्षकांना कलावंत दिसू नये, अशी पद्धत आली. अनेक नामवंतांना ती रुचली नाही; पण घराण्याचे नाव बाजूला ठेवून सूर ऐकावा, हा तिचा हेतू होता.

आपल्या विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवरही नाव नसते, आसनक्रमांक असतो. ज्यांच्या घरातून कॉलेजची पायरी प्रथमच चढली गेली, त्यांना या झाकलेल्या नावाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. जो न्याय आपण स्वतःसाठी मागतो, तो साध्या स्पीकरला द्यायला एक चादर पुरेशी आहे. मंडळांनी तो प्रयोग जरूर करून पाहावा.